भाऊ मेळघाटात, मी सिंहगड रोडला: पाचारण नक्की कुणाला असतं?

हिशेबवाली | रविवार, रात्री १०:४२

सलाम मंडळी. धागा काढू की नको असं दुपारपासून चाललंय, आता आई झोपली म्हणून बसलेय लिहायला. लांबलं तर सांभाळून घ्या.

आज आमच्याकडे मिशन रविवार होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्षातला एक रविवार मिशनकार्यासाठी राखलेला असतो, बाहेरचे वक्ते, विशेष अर्पण, नंतर चहा आणि समोसे. वक्ते बोलले चांगलं, खोटं कशाला सांगू. शेवटी म्हणाले, ज्यांना प्रभू फील्डवर बोलावतोय त्यांनी उभं राहा. तरुण संघातली चार पोरं उभी राहिली, एक पोरगी रडत होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. आणि मग साहेब म्हणाले, "आता जे बसलेत त्यांनी निदान पैसे तरी द्या."

त्या "निदान"पाशी मी जी अडकले ती अजून तिथेच आहे.

माझा भाऊ नऊ वर्षं मेळघाटात आहे, कोरकू वस्त्यांमध्ये. मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते. आईचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार, तीन वर्षं झाली. रविवारी उपासना सुटली की लोक चहाकडे वळतात आणि मी व एक मामा व्हेस्ट्रीत (चर्चमधली कामकाजाची खोली) अर्पण मोजायला बसतो, दोघांनी मोजायचं, दोघांनी सह्या करायच्या, समोसा पोहोचेपर्यंत गार झालेला असतो. आज विशेष अर्पणात एक पाकीट निघालं, आत दहाच्या अकरा नोटा, रबर लावून, वर पेन्सिलने "मीशन" लिहिलेलं, वेलांटी दीर्घ. ते अक्षर मी ओळखते, मेसमध्ये पोळ्या लाटायला जाणाऱ्या एक मावशी आहेत त्यांचं. मामा म्हणाले, एकशे दहा. मी लिहिलं, एकशे दहा. आणि मला त्या "निदान"चा इतका राग आला की पुढचं पाकीट दोनदा मोजलं तरी आकडा जुळेना.

भाऊ पुण्याला आला की त्याला हार, साक्ष (उभं राहून सगळ्यांना आपला अनुभव सांगायचा), प्रत्येकाकडे जेवण. त्याच बायका मला जिन्यात गाठून विचारतात, "तू काय करतेस गं प्रभूसाठी?" भावाचा हेवा वाटतो का? वाटतो. लिहून टाकलं एकदाचं. तर प्रश्न असा, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, जो एसटी पकडून जातो त्यालाच असतं का, आणि बाकीचे सगळे "निदान" खात्यात?

---

सरळ_बोलतो | रात्री ११:०५

ताई, राग मानू नका पण बायबलात मत्तय २८ मध्ये येशूने शिष्यांना "जा" म्हटलंय, "बसा" नाही म्हटलं. प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हेच ऐकतो, आई आजारी, मुलांची दहावी, फ्लॅटचे हप्ते. येशूच्या दाखल्यात मेजवानीचं आमंत्रण नाकारणाऱ्यांनीपण हेच सांगितलं होतं, एकाने शेत घेतलं, एकाने बैल घेतले, एकाचं लग्न झालं. वक्त्यांनी फक्त खरं बोलून दाखवलं.

---

नाईट_ड्युटी | रात्री ११:१९

@सरळ_बोलतो आईचं डायलिसिस आणि पाच जोड्या बैल एका पंगतीत बसवलेत तुम्ही. धन्य. ड्युटीवर आहे, सविस्तर नंतर.

---

कॅम्पातले_आजोबा | सोमवार, सकाळी ६:१२

हिशेबवाली बाळ, सलाम. मी पहाटे उठतो त्यामुळे आत्ता वाचलं.

पहिले शमुवेल ३० काढ. दावीद आणि त्याची सहाशे माणसं सिकलागला परत येतात तर अमालेक्यांनी गाव जाळून बायकापोरं पळवून नेलेली. पाठलाग सुरू होतो, पण बसोर ओढ्यापाशी दोनशे जण इतके थकतात की पुढे पाऊल टाकवत नाही, त्यांना सामानाजवळ ठेवून चारशे जण पुढे जातात. सगळं सोडवून आणतात, लूटही मिळते. परत आल्यावर त्या चारशेतले काही जण काय म्हणतात बघ, हे आपल्याबरोबर आले नाहीत, यांना लुटीतलं काही द्यायचं नाही, आपापली बायकापोरं घेऊन जाऊ देत म्हणजे झालं. म्हणजे तुझ्या त्या वक्त्यांचंच "निदान", तीन हजार वर्षांपूर्वीचं. असं बोलणाऱ्यांना शास्त्र तिथे सरळ वाईट माणसं म्हणतं. आणि दावीद म्हणतो, लढायला गेला त्याचा जितका वाटा तितकाच सामानापाशी बसला त्याचा. नुसतं म्हणत नाही, इस्राएलात कायमचा नियम करून टाकतो.

मी चाळीस वर्षं चर्चच्या कमिटीत काढली, मिशन रविवारी हा उतारा वाचलेला एकदाही ऐकला नाही. आमच्यापैकी कुणी सुचवलाही नाही, मीही नाही.

---

तंबूवाला | सकाळी ९:३०

+१ आजोबा. मी हिंजवडीत आयटीत आहे, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की मिशनरी वेगळा आणि विश्वासू वेगळा हा भेदच चुकीचा, प्रत्येक जण मिशनरी आहे, माझं क्युबिकल हेच माझं फील्ड. प्रेषित पौल स्वतः तंबू शिवायचा, करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून, प्रेषितांची कृत्ये १८. कुणाकडे हात पसरला नाही. आजच्या फुल टाईम सेवकांनीपण एकदा नोकरी करून बघावी म्हणजे लोकांचा दशांश (कमाईचा दहावा भाग) कसा येतो ते कळेल. स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमस्व.

---

बिबवेवाडी_रिटर्न | दुपारी १:४८

@तंबूवाला क्षमस्व म्हणून झाल्यावर माणूस जे बोलून बसलेला असतो ते तसंच राहतं हो.

मी फुल टाईमवाला. यूबीएसला, म्हणजे पाळक घडवणाऱ्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, शिकलो (सेमिनरी १९८३ला यवतमाळहून पुण्यात बिबवेवाडीला आली, मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी), आता एका छोट्या मंडळीत पाळक. तुम्ही कृत्ये १८ची तीन वचनं वाचलीत, आणखी दोन वाचा. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले आणि पौल वचनाच्या कामात पूर्ण गुंतला. का गुंतू शकला? मासेदोनियाच्या भावांनी त्याची गरज भागवली, तो स्वतःच दुसऱ्या करिंथकरात (करिंथच्या मंडळीला लिहिलेलं त्याचं दुसरं पत्र) सांगतो. पहिल्या करिंथकराच्या नवव्या अध्यायात तर सेवकाला पोटापुरतं मिळायचा हक्क आहे हे अर्धा अध्याय पटवून देतो आणि मग म्हणतो, मी मात्र तो हक्क वापरला नाही. हक्क सोडणं ही त्याची मर्जी, दुसऱ्याला सोडायला लावणं ही तुमची. मंडळीतल्या एकाने मला मुलीच्या वाढदिवसाचा केक कितीचा होता विचारलं होतं. पाळकाच्या घरचा केक सार्वजनिक मालमत्ता असतो हे तेव्हा कळलं.

आणि ते "प्रत्येक जण मिशनरी" ऐकायला गोड आहे, पण मग जिथे कुणीच नाही तिथे जाणार कोण? घरातला प्रत्येक जण स्वयंपाकी असला तर आज भाजी कुणी टाकायची यावर भांडण होतं आणि शेवटी स्विगी.

मिशनरी विल्यम केरी साहेबांचंच बघा. १७९३ला बंगालमध्ये आले, मूळचे चांभारकाम करणारे. सगळे केरी केरी करतात, पण श्रीरामपूरला (नगरचं नव्हे, बंगालचं) जो डोलारा उभा राहिला त्यात विल्यम वॉर्ड हा छापखानेवाला होता, जोशुआ मार्शमन मास्तर होता, आणि त्याची बायको हॅना शाळा चालवायची, त्या शाळेच्या फीवर मिशनचा बराच खर्च निघायचा. मराठी नवा करार १८११मध्ये तिथे छापला गेला, त्यात केरींना मराठी शिकवणारा वैजनाथ पंडित होता, जो ख्रिस्ती झालाही नव्हता. त्याचं नाव कुठल्या मिशन रविवारी घेतात? आणि केरींची बायको डोरोथी, तिला यायचंच नव्हतं, इथे एक मूल गेलं, नंतर तिचं मानसिक संतुलन गेलं, १८०७ला वारली. नवऱ्याच्या पाचारणात तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मी सेमिनरीत वर्गात विचारला तर पाच मिनिटं शांतता. म्हणून हिशेबवाली ताई, तुमचा प्रश्न लहान नाही.

---

आजोळ_केडगाव | दुपारी ३:१५

छापखान्याचा विषय निघाला म्हणून.

माझी पणजी मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, वाढली. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या त्यातली एक, आईवडिलांची नावं तिला आठवायची नाहीत. तिला तिथे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायचं काम शिकवलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, शेवटची कित्येक वर्षं त्यातच घातली, त्या १९२२ला गेल्या आणि ते सबंध बायबल १९२४ला मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघालं, आणि ते काम केलं तिथल्या बायकांनी.

आजी सांगायची की पणजी म्हातारपणीसुद्धा कुठलाही कागद हातात आला की आधी उलटा धरायची, आरशातल्यासारखी अक्षरं वाचायची सवय. जोडाक्षरांचा खण वेगळा, वेलांट्यांचा वेगळा, आणि बोटांची टोकं कायम काळी, साबणाने न जाणारी. पणजीने कधी प्रवचन दिलं नाही. तिला चारचौघांत प्रार्थना कर म्हटलं तर पदर तोंडाला लावायची. आमच्या घरात ते बायबल आहे, पुठ्ठा गेलाय. त्यात भाषांतरकाराचं नाव जगाला माहीत आहे आणि ते योग्यच आहे, बाईंची योग्यताच तेवढी. पण मी ते उघडते तेव्हा मला वेलांट्या दिसतात.

ताई, ती दीर्घ वेलांटी वाचून एकदम आठवलं, म्हणून लिहिलं.

---

हिशेबवाली | दुपारी ३:४०

ऑफिसात वाचतेय आणि डोळे पुसतेय, शेजारची विचारतेय जीएसटीची नोटीस आली का.

---

नगरचा_पाहुणा | संध्याकाळी ५:५५

मी नगरचा, पुण्यात लेकीकडे आलोय, धागा दाखवला तिनेच. दोन गोष्टी घालतो.

एक, टिळकांची. (आपले रेव्हरंड ना. वा., लोकमान्य नव्हेत, पुण्यात हे सांगावं लागतं.) नारायणरावांचा बाप्तिस्मा १८९५चा. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. म्हणजे नवराबायकोत मधे पाच वर्षं. एवढा मोठा कवी, एवढी भजनं लिहिणारा, पण बायकोचा निर्णय बायकोच्या वेळेनेच झाला. पुढे १९१७ला त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला देवाचा दरबार काढला, संन्याशासारखं राहायचं म्हणाले. मिशनने पगार दिला ती वर्षं खोटी आणि सोडला ती खरी, असं मात्र मला कधीच वाटलं नाही. मिशनच्या ज्ञानोदय या नियतकालिकासाठी लिहिलं तेही त्यांनीच की.

दुसरी, सिंथिया फरार. १८२७ला अमेरिकेतून मुंबईत आली, लग्न न झालेली, एकटी. त्या काळी मिशनरी म्हणजे पुरुष आणि बाई म्हणजे मिशनऱ्याची बायको. एकट्या बाईला कसलं पाचारण, हा तेव्हाचा प्रश्न. तिने नंतर आमच्या नगरात मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं काम शिकल्या ते तिच्याकडे. तेव्हा कुणाचं पाचारण कोणत्या चौकटीत बसतं हे ठरवणाऱ्यांची चौकट दर पन्नास वर्षांनी बदलते, एवढं वयामुळे मला माहीत आहे.

---

वसईकर_पुण्यात | रात्री ८:०२

आम्ही कॅथलिक, चालेल ना? नगर रोडला कामाला आहे.

आमच्याकडे मिशनांचे दोन आश्रयदाते संत. एक फ्रान्सिस झेवियर, गोवा, मलाक्का, जपान, माणूस स्वस्थ बसलाच नाही, चीनच्या दारात जाऊन मेला. आणि दुसरी लिझ्यूची तेरेसा. ती पंधराव्या वर्षी फ्रान्समधल्या कार्मेल मठात शिरली, १८९७ला चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, मठाबाहेर मिशनला कधी गेलीच नाही. मिशनऱ्यांना पत्रं लिहायची आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. पोपनी १९२७ला तिला झेवियरच्या बरोबरीने बसवलं. बरोबरीने हं, "निदान" नाही.

माझी आत्या सिस्टर होती, तिच्या उशाशी तेरेसाची तसबीर असायची. शेवटची आठ वर्षं ती कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात मटार सोलायची कारण गुडघे गेले होते. आम्ही मुलं चिडवायचो की आत्या तुझी मिशनरी बदली मटारात झाली. ती म्हणायची, मोजून सोलते रे.

---

पालखीसोबत | रात्री ९:२०

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, वाचनमात्र असतो. राहवलं नाही.

आमच्यात सावता माळी. अरणचा. बाकी सगळे संत पंढरीला चाललेत आणि हा मळ्यातून हलत नाही, कांदा-मुळ्याला पाणी धरतोय. कथा अशी की शेवटी विठ्ठलच त्याच्याकडे गेला. आजही सगळ्यांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि विठोबाची पालखी मात्र सावतोबांना भेटायला अरणला येते. आता गंमत बघा, मी दरवर्षी पुणे ते सासवड चालतो, दिवे घाट चढून वर फोटो टाकतो, दोनशे लाइक. माझी बायको त्याच दिवशी वडकीला दिंडीसाठी पिठलं करायला जाते, पाच वाजल्यापासून चुलीपुढे, तिचा एक फोटो नाही. या आषाढीला काढीन म्हणतो. नको म्हणेल.

---

नाईट_ड्युटी | मंगळवार, सकाळी ८:५०

ड्युटी संपली. आमच्या धंद्यात "निदान" म्हणजे रोग कुठला ते ओळखणं. तेव्हा त्या वक्त्यांच्या "निदान"चं निदान करते: शिडीचा आजार. आपण सेवांची शिडी करून ठेवलीय, वरच्या पायरीवर परदेश, मग मेळघाट-डांग, मग पाळक, मग संडे स्कूल, आणि तळाला चटया उचलणारे. बायबलमध्ये शिडी नाही, शरीर आहे. पहिले करिंथकर बारा सगळ्यांना पाठ आहे, पण नर्स म्हणून सांगते, तिथला डोळा-हाताचा भाग लोक वाचतात आणि पुढचं, जे अवयव दुबळे दिसतात तेच जास्त गरजेचे, हे वाचून पुढे सरकतात. स्वादुपिंड कधी कुणी पाहिलंय का? बंद पडलं की कळतं. किडनीचं तर हिशेबवालीला मी काय सांगू.

माझं ट्रेनिंग मिरजेचं. वानलेस साहेबांनी १८९४ला दवाखाना उभा केला, डॉक्टर म्हणून त्यांचं नाव राहिलं. नंतर जामखेडचं काम जवळून पाहिलं. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकलेले, १९७०ला जामखेडला गेले, १९७९ला मॅगसेसे मिळालं. पण त्यांनी काम उभं केलं ते गावातल्याच बायकांना शिकवून, कित्येकींना अक्षरओळख नव्हती, काही अशा ज्यांच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं. बाळाचं वजन करणं, बाळंतपण, पाणी उकळणं, हे त्या करायच्या. डॉक्टर त्यांच्यासमोर जमिनीवर बसायचे. मला तेवढं दृश्य पुरलं.

---

सरळ_बोलतो | मंगळवार, दुपारी १२:३३

सगळे माझ्यावर तुटून पडलात, ठीक आहे. फक्त एक सांगतो.

मी गेलो होतो. वयाच्या तेविसाव्या वर्षी, असाच मिशन रविवारी उभा राहिलो, अशाच टाळ्या. दोन वर्षं डांगात. दोनदा मलेरिया, दुसऱ्यांदा डोक्यात गेला, संस्थेने घरी पाठवलं. परत आलो त्या रविवारी मागच्या बाकावर बसलो. कुणी वाईट बोललं नाही, कुणी काहीच बोललं नाही. ज्यांनी हार घातले ते "बरा आहेस ना" एवढं म्हणून चपला शोधायला लागले. एकोणीस वर्षं झाली. तेव्हा जाणाऱ्याला हार, राहणाऱ्याला "निदान", आणि परत आलेल्याला काय, हेही एकदा लिहा कुणीतरी. मी कडक बोलतो कारण मला वाटतं मी नांगराला हात घालून मागे पाहिलं, आणि अशा माणसाला येशू देवाच्या राज्याच्या लायक नाही म्हणतो.

---

कॅम्पातले_आजोबा | मंगळवार, दुपारी १:०५

अरे बाळा.

योहान मार्क, पौल आणि बर्णबाच्या दौऱ्यातला सोबती, पंफुल्याहून अर्ध्यातूनच परत फिरला होता. त्याच्यावरून पौल आणि बर्णबात इतकं वाजलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, एक सायप्रसकडे, एक सूरियाकडे. पौल त्याला न्यायला तयार नव्हता, बर्णबा होता. आणि शेवटी तुरुंगातून तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काने काय केलं ते शास्त्र फारसं सांगत नाही. बर्णबा होता, एवढं दिसतं.

तुला बर्णबा भेटला नाही हा दोष आमचा. पुण्यात असलास तर रविवारी कॅम्पात ये, उपासनेनंतर मी बाहेर चाफ्याखालच्या बाकावर असतो, काठी आहे, ओळखशील.

---

तंबूवाला | मंगळवार, दुपारी २:१०

@बिबवेवाडी_रिटर्न केकबद्दल वाचलं. मी आमच्या पाळकांना पगारवाढीच्या मीटिंगमध्ये गाडी का बदलली विचारलं होतं, सेकंडहँड व्हॅगनआर होती. आज फोन केला त्यांना. ते म्हणाले विसरलो मी. विसरले नव्हते, आवाजावरून कळलं.

तरी क्युबिकलबद्दलचं मत कायम आहे हां.

---

बिबवेवाडी_रिटर्न | दुपारी २:२५

असू द्या की. ऑफिसात तुम्ही जिथे बसता तिथे मला गेटपास पण मिळणार नाही.

---

चिखलदऱ्याच्या_खाली | मंगळवार, रात्री ९:४७

अक्का, हे तूच लिहिलंयस ना. मीशनची दीर्घ वेलांटी वाचूनच ओळखलं, त्या मावशींनी मला जाताना रव्याच्या लाडवांचा डबा दिलेला, त्यावर चिठ्ठी होती "प्रवासासाठि", तिथे ऱ्हस्व. आज धारणीला मीटिंगला आलोय म्हणून नेटवर्क.

तू मला हार मिळतो म्हणालीस. मिळतो. आवडतोही, खोटं नाही बोलत. पण माझं "निदान" वेगळं आहे ते तुला कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या मंडळीत अहवाल दिला, तर एका साहेबांनी विचारलं, इतक्या वर्षांत निदान एक आकडा तरी सांगा. मी काय सांगू त्यांना? पहिली दोन वर्षं मला भाषाच येत नव्हती. कोरकू म्हणजे मराठीची बोली असं समजून आलो होतो, ती मुंडा कुळातली निघाली, आपल्या मराठीशी नातंच नाही. म्हाताऱ्या बायका माझं बोलणं ऐकून इतक्या हसायच्या की एकीची बिडी विझायची. आता हसत नाहीत, म्हणजे मी सुधारलो किंवा त्यांना सवय झाली. पावसाळ्यात पोरांचं वजन घटतं तेव्हा घरोघर जाऊन आईला दवाखान्यापर्यंत यायला राजी करणं, हे काम. त्याचा आकडा कुठल्या रकान्यात घालायचा? आमच्यातला सगळ्यात कामाचा माणूस कोण, तर जळगावकडचा एक मेकॅनिक आहे, तो हापसे दुरुस्त करतो. गावं त्याची वाट बघतात, माझी नाही. डिसेंबरात शहरातून टीम येते, एकसारखे टीशर्ट, तीन दिवस, ती माझ्याबरोबर फोटो काढते, त्याच्याबरोबर नाही, कारण त्याच्या अंगाला ग्रीस असतं.

आणि आता दुसरं. मागच्या मे महिन्यात तुझं ऑडिट होतं म्हणून आईला डायलिसिसला मी घेऊन गेलो. एकदाच. चार तास. ती खुर्ची आठवते का तुला, निळी, एक पाय आखूड असलेली? पहिल्या तासात मी बायबल वाचलं, दुसऱ्या तासात फोन बघितला, तिसऱ्या तासात आईच्या पायात गोळे आले, ती ओरडली नाही, नुसता माझा शर्ट धरला, आणि मला कळेना काय करायचं, तर पलीकडच्या बेडचा मुलगा म्हणाला, तुमच्या ताई तळपाय असा वर दाबून धरतात. मला शिकवलं त्याने. तुझ्या पद्धतीने. चौथ्या तासात मी घड्याळाकडे बघत होतो, आणि मनात आलं की मला परत मेळघाटात जायचंय, आत्ता, ही खुर्ची नको. संस्थेच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं की सगळं सोडून जातोय. सगळं कुठे सोडलं, तुझ्याकडे ठेवून गेलो.

मी साक्षीत हे कधी बोललो नाही. पुढच्या वेळी बोलीन, पण तू पहिल्या बाकावर बसू नकोस, मला जमणार नाही.

---

हिशेबवाली | मंगळवार, रात्री ११:३०

आज मंगळवारच होता. आत्ता आलो, आई झोपली.

तुझा आकड्याचा किस्सा मला माहीत नव्हता. तुझे अहवाल मी दर तिमाहीला तपासते, बेरीज बघते, वर काय लिहिलंय ते वाचतच नव्हते. "हापसे दुरुस्ती, वायसर, ४६०" हे मीच तीन वेळा किरकोळमध्ये टाकलंय. पुढच्या वेळी वेगळा रकाना करते, त्या मेकॅनिक दादांचं नाव घालून पाठव.

बाकी सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर उद्या. सरळ_बोलतो, तुम्ही रविवारी खरंच कॅम्पात जा. नाही गेलात तर मी विचारणार इथे.

पाळकसाहेबांशी आज फोनवर बोलले. म्हटलं पुढच्या मिशन रविवारी त्या चार पोरांना उभं करणार असाल तर त्याआधी कुणीतरी त्यांच्या आयांना विचारा. ते म्हणाले कमिटीत मांडू. कमिटीत मांडू म्हणजे काय ते मला माहीत आहे, मिनिट्स मीच लिहिते.

आणि तू नाताळला येणार आहेस तर येताना मध आणू नकोस, आईला आता गोड चालत नाही. स्वेटर आण तुझा, तिथला एसी फार लागतो. शुक्रवार तुझा.

---

चिखलदऱ्याच्या_खाली | मंगळवार, रात्री ११:३४

दोन शुक्रवार. अकरा तारखेपर्यंत आहे. ती खुर्ची बदलली का?

---

हिशेबवाली | रात्री ११:३६

नाही. पायाखाली पुठ्ठा घालायचा, दुमडून. माझ्या पर्समध्ये असतो.